मुशी आणि वरवंटा

आमच्या गाडीला पार्किंगचं बटण नव्हतं. हँडब्रेक होता, पण तो आमच्या घरी येण्याआधीच कामातून गेला होता. त्यामुळे गाडी थांबली की कुणीतरी खाली उतरून चाकाला दगड लावायचा. हे कुणीतरी म्हणजे वयाच्या सहाव्या वर्षापासून मी. दगड म्हणजेही रस्त्यावरचा कुठलातरी धोंडा नाही, आईचा वरवंटा. काळा, गुळगुळीत, तिच्या माहेरून आलेला. बाबांनी एकदा घाईत तो उचलून चाकाखाली सारला. तो तिथे असा काही फिट्ट बसला की मग परत स्वयंपाकघरात गेलाच नाही. आई आठवडाभर भांडली. पाटा घरात आणि वरवंटा डिकीत, हा काय संसार झाला, असं ती येईल त्याला ऐकवायची. शेवटी तिनेच नवा वरवंटा आणला आणि विषय संपवला. माझी सुटका मात्र झाली नाही.

गाडी अमेरिकन. म्हणजे जन्माने अमेरिकन, बाकी सगळे वाईट गुण तिने उरणच्या हवेत उचलले. रंग पिस्त्याचा, टप पांढरा, आणि मागे दोन्ही बाजूंनी वर आलेले, माशाला असतात तसे लांबलचक पर. आमच्या खाडीकाठच्या गावात पर बघितल्यावर लोकांना दुसरं काय आठवणार? पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, ही तर मुशी. मुशी म्हणजे आमच्याकडे खाडीत येतो तो छोटा शार्क. गाडीचं खरं नाव पुढच्या बाजूला इंग्रजीत झोकदार अक्षरांत लिहिलेलं होतं, त्यातली निम्मी अक्षरं गळाली होती. मुशी हे नाव काही गळालं नाही.

बाबा एका मिठागरवाल्या शेठकडे ड्रायव्हर होते. शेठ म्हातारे झाले, मुलं परदेशात गेली, बंगला बंद करायची वेळ आली, तेव्हा शेठ म्हणाले, ही गाडी तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, तूच घेऊन जा. दुसरा कुणी असता तर हात जोडून नको म्हणाला असता. बाबांनी ती घरी आणली, आईला ओवाळायला लावली, नारळ फोडला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात चौथं माणूस राहायला आलं. खादाड, आजारी आणि सगळ्यात लाडकं.

या गाडीला गिअरचा दांडा नव्हता. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला पाच बटणं होती, टेबलफॅनला असतात तशी. एक दाबलं की पुढे, एक दाबलं की मागे. बटणांवरची अक्षरं शेठच्याच काळात पुसली गेली होती. मी कॉलेजात असताना माझी लाल नेलपॉलिशची बाटली गायब झाली. दोन दिवस मी घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी बघते तर गाडीच्या बटणांवर लाल ठिपके. पुढे जायला एक ठिपका, मागे जायला दोन. बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘तुज्या नखांना काय करायचंय, ती दिसतात की तशीच.’’

पण बटणं परवडली, असं वाटायला लावणारी गोष्ट वेगळीच होती. गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. आपल्याकडे सगळा रस्ता उजवीकडच्या ड्रायव्हरसाठी. पुढे ट्रेलर असला की डावीकडे बसलेल्या बाबांना त्याच्या पाठीशिवाय काही दिसायचं नाही. समोरून काय येतंय, ओव्हरटेक करायचं की नाही, हे दिसायचं फक्त उजवीकडे बसलेल्या माणसाला. आणि तिथे बसायची आई. चौथी शिकलेली, आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेली माझी आई ही त्या अवजड गाडीची उजवी बाजू होती.

‘‘थांब. टेलर येतंय. थांब. अजून थांब. कोनी नाय. जा. जा!’’

घरात आई बाबांशी ‘अवो’ने सुरुवात केल्याशिवाय एक वाक्य बोलायची नाही. गाडीत बसली की ती सगळी अदब घरी ठेवून यायची. मी एकदा तिला चिडवलं तर म्हणाली, ‘‘समोर ट्रक आल्यावर कवा मानपान करायचा?’’ आणि बाबा, जे घरात कुणाचंही ऐकत नसत, ते गाडीत तिच्या शब्दाबाहेर इंचभरही जात नसत. ती ‘जा’ म्हणाली की बटण, ऍक्सिलरेटर आणि मुशीची डरकाळी. मी दोघांच्या मध्ये, कारण पुढची सीट पलंगासारखी सलग होती. पायाशी वरवंटा. डिकीत ठेवला तर उतरून काढायला वेळ लागतो, हा अनुभव घेऊन झाला होता.

दगड लावण्याचीही एक रीत होती. गाडी थांबली तरी बाबा ब्रेकवरचा पाय काढायचे नाहीत. मी उतरायची, चाकाशी वाकायची, वरवंटा सारायची, हाताने एकदा ढकलून बघायची आणि ओरडायची, ‘‘लावलाऽ!’’ मगच बाबा पाय काढायचे. एकदा, मी सात-आठ वर्षांची असेन, बाजारात गोळेवाला दिसला म्हणून मी दगड हातात घेऊनच ‘लावला’ ओरडून पळत सुटले. मुशी सावकाश मागे गेली आणि सुक्या मासळीच्या ढिगावर बसली. बोंबील, जवळा, सगळं चाकाखाली. त्या कोळणीने बाबांची जी काढली ती मी इथे लिहू शकत नाही. बाबांनी मला मारलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, ‘‘तू लावला म्हनालीस, म्हनून मी पाय काढला.’’ मार परवडला असता. त्यानंतर पुढचे सहा महिने गाडीला सुक्या बोंबलांचा वास येत होता, आणि बाबा सांगायचे की अमेरिकन गाड्यांना असतोच थोडा.

माझ्या लग्नात काय झालं तेही सांगते. आमच्या भावकीतली प्रत्येक नवरी सासरी जाताना मुशीतूनच जायची, तशी मीही. खाडीच्या पुलाच्या चढावर गाडी तापली. बॉनेटमधून वाफ. बाबांनी ब्रेक मारला आणि सवयीने ओरडले, ‘‘दगड!’’ मी शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा अशा थाटात दार उघडून खाली उतरले आणि चाकामागे वरवंटा लावला. लावून ‘लावलाऽ’ असं ओरडलेही. मग मागे बघितलं, तर सासूबाई त्यांच्या गाडीतून उतरून माझ्याकडे बघत होत्या. तोवर माझे चुलतभाऊ खाली गेले आणि कळशी भरून खाडीचंच पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतलं. जन्म मिठागरावर गेला, तरी एकाच्याही डोक्यात आलं नाही की खारं पाणी तापलं की त्याचं काय होतं. महिन्याभराने मेकॅनिकने रेडिएटर उघडला तेव्हा आतून मीठ निघालं. आमच्या घरात मिठागर कधी नव्हतं, तेवढं या गाडीने करून दाखवलं. माझं लग्न पुढे टिकलं नाही. त्याला वरवंटा कारण नव्हता, पण सासूबाई शेवटपर्यंत तोच विषय काढत होत्या.

मी परत आले, नोकरी धरली, द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात. पुढे गावातलं घर गेलं आणि आम्ही तिघं करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिघं म्हणजे चौघं. सोसायटीत आमच्या वाट्याला एक पार्किंग आलं. मुशीला दीड लागतं. तिचे पर शेजारच्यांच्या जागेत जातात. त्यांच्या सुनेचा ड्रेस त्यात अडकून फाटला. बाबा रोज सकाळी खाली जाऊन इंजिन चालू करतात, धूर वर जातो, आणि पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांना पुन्हा धुवावं लागतं. तक्रारी कुणाकडे येतात? माझ्याकडे. कागदपत्रांच्या फेऱ्या कोण मारतं? मी. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून लोखंडबाजारात हातात मोडका तुकडा घेऊन ‘असं काही आहे का’ विचारत कोण फिरतं? मी. माझं वय बावन्न आहे आणि माझ्या पर्समध्ये अजूनही एक स्पार्क प्लग असतो.

आईचं वय झालं तशी ती गाडीत फार बडबडायला लागली होती. आधी फक्त ‘थांब’ आणि ‘जा’ होतं. शेवटच्या दहा-बारा वर्षांत धावतं वर्णनच सुरू झालं. ‘‘ही रिक्षा हाय. ती बाई पोराला घेऊन चाललीय. हातगाडी. कुत्रा बसलाय, उठनार नाय तो. आता खांब आला. आता वळन.’’ मी मध्ये बसलेली असायची, दिवसभर गोदामात फोर्कलिफ्टचा आवाज ऐकून डोकं उठलेलं असायचं, आणि कानाशी ही टकळी. म्हातारपणाने होतं असं, म्हणून मी सहन करायची. एकदा केलं नाही. ‘‘आई, जरा गप्प बस ना!’’ असं अंगावर ओरडले. ती गाल फुगवून गप्प बसली. आणि त्याच दिवशी, पाच मिनिटांत, भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर बाबांनी गाडी वळणावरच्या विजेच्या खांबाला घासली. पुढचं उजवं मडगार्ड दबलं. बाबांना मी काय काय बोलले. एवढा मोठा खांब दिसला नाही का, लक्ष कुठे असतं, आता बास करा. बाबा काही बोलले नाहीत. आई पण नाही. तो पोचा अजून तसाच आहे, कारण तो काढणारा माणूस मिळत नाही.

गेल्या वर्षी आई गेली. झोपेत, कुणाला त्रास न देता. त्या दिवसापासून मुशी सोसायटीच्या गेटबाहेर पडली नाही. बाबा रोज खाली जायचे, गाडी पुसायचे, इंजिन चालू करायचे, आणि डावीकडे स्टिअरिंगशी पेपर वाचत बसायचे. उजवीकडची जागा मोकळी. मी बाल्कनीतून बघत उभी राहायची. पण दुसऱ्याच मिनिटाला धूर वर यायचा आणि पहिल्या मजल्याच्या वहिनी बेल वाजवायच्या.

आता एक गोष्ट कबूल करते. भंगार वाहनं हटवण्याची जी नोटीस सोसायटीने लावली, ती माझ्या सांगण्यावरून होती. मीच सेक्रेटरींना गाठून म्हणाले, तुम्ही लिहून दिलंत तर ते ऐकतील, माझं ऐकत नाहीत. बाबा एक्क्याऐंशीचे. आज ना उद्या ते एकटेच चावी घेऊन बाहेर पडतील, ही भीती मला गोदामात बसूनही सोडत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला माझी पर्स रिकामी हवी होती.

सेक्रेटरी भला माणूस, पण त्यांना नियमांची फार हौस. नोटीस घेऊन घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘काका, आमी समजू शकतो, इमोशन असतात. पण कमिटीसमोर प्रश्न असा की ही गाडी आहे की भंगार? आपण सिंपल करू. रविवारी सकाळी गाडीने स्वतःच्या इंजिनवर सेक्टरला एक राउंड मारायचा. परत आली तर गाडी, मग कोण बोलणार नाही. नाय आली तर भंगारवाला. टेन्शन घेऊ नका.’’

माझ्याकडे बघून त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, म्हणजे बघा, कसं जमवलं. हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी नुसती नोटीस मागितली होती.

बाबांचा चेहरा आई गेल्यापासून पहिल्यांदा उजळला. ‘‘एकच राउंड? दोन मारतो.’’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘तू उजवीकडं बसशील ना गो?’’

रविवारपर्यंत त्यांनी काय काय केलं! तेल बदललं, बॅटरी घासली, पांढऱ्या टपाला पॉलिश केलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला. आईचा फोटो पाकिटात घातला. मी मनातल्या मनात एकच म्हणत होते, सुरूच होऊ नकोस. गेटमध्येच बंद पड. मुशी आयुष्यभर नको तिथे बंद पडली, तर एकदा हवं तिथे पडायला काय हरकत होती?

पण नाही. पहिल्या चावीला सुरू. कमिटीचे चारजण, पहिल्या मजल्याच्या वहिनी, वॉचमन, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वॉचमनने तर सलाम ठोकला. मी पायाशी वरवंटा घेऊन आईच्या जागेवर बसले. बसल्यावर कळलं की तिथून काय काय दिसतं. सगळंच दिसतं. सगळा रस्ता त्याच जागेसाठी केलेला.

गेटमधून उजवीकडे वळलो. सरळ रस्ता, रविवारची सकाळ, कुणी नाही. बाबा सावकाश चालवत होते, बैलगाडीसारखी. पहिल्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि थांबूनच राहिले.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘सांग ना.’’

‘‘काय सांगू? रस्ता रिकामा आहे बाबा. दिसत नाही का?’’

‘‘रिकामा हाय ना? मग तसं सांगायचं,’’ म्हणत त्यांनी उजवीकडे वळवलं.

मला वैताग आला. पुढे ट्रेलर नाही, ओव्हरटेक नाही, चार बिल्डिंगींमधला रस्ता, तिथेही यांना कुणीतरी ‘जा’ म्हणायला हवं. आईने लाडावून ठेवलंय, असं मनात म्हटलं आणि ठरवलं की आता तोंड उघडायचं नाही.

दुसरा कोपरा आला. बाबा पुन्हा थांबले. मी बाहेर बघत राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे मान वळवली, थोडा वेळ वाट पाहिली. मग एका ठिपक्याचं बटण दाबून त्यांनी उजवीकडे वळवलं. वळणाशी, माझ्या बाजूला, शहाळेवाल्याची हातगाडी उभी होती. हिरव्यागार शहाळ्यांचा एवढा मोठा ढीग, वर रंगीत छत्री. आंधळ्यालाही दिसेल अशी. बाबा वळवत राहिले. मला वाटलं आता सरळ करतील. आता करतील. छत्री माझ्या खिडकीत आली.

‘‘थांब! थांब!’’

बाबांनी ब्रेकवर पाय आदळला. मुशी वीतभर अंतरावर थांबली, दोनदा खोकली आणि इंजिन बंद पडलं. शहाळेवाल्याने दचकून हातगाडी मागे ओढली, तशी चार शहाळी गडगडत गटाराकडे गेली. मग तो कोयता हातात धरून ओरडला, ‘‘चाचा, अंधे हो क्या? दिखता नहीं?’’

बाबा असलं ऐकून घेणाऱ्यातले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका रिक्षावाल्याशी पाऊण तास वाद घातला होता. मी त्यांच्याकडे बघितलं. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

रस्त्याला थोडा उतार होता. मी उतरले, चाकाला वरवंटा लावला, ‘लावला’ म्हणाले, बाबांनी पाय काढला. शहाळी गोळा करून दिली, माफी मागितली. परत येऊन बसले आणि उजवा हात वर करून त्यांच्या उजव्या डोळ्याच्या बाजूला हलवला. बाबा समोरच बघत होते.

‘‘बाबा. या बाजूचं दिसत नाही तुम्हाला?’’

त्यांनी अंगठ्याने स्टिअरिंग पुसलं. मग म्हणाले, ‘‘नाय.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘वर्सां झाली. दहा-बारा. आदी धूसर व्हायचं. मग डोलाच गेला.’’

‘‘आणि आईला?’’

‘‘तिला पयल्या दिवशीच कललं. मी सांगितलंच नव्हतं. ती म्हनाली, मी हाय ना तुज्या उजवीकडं. पन मी नसताना चावी लावायची नाय, अशी शपथ घातली. मी कदी नाय लावली. उभ्या गाडीत बसून लावत असेन, तेवढीच.’’

मला आधी राग आला. भयंकर राग. दोघांचाही. ट्रेलरच्या रस्त्यावरून, शाळांसमोरून, बाजारातून, दहा वर्षं हे दोघं एका डोळ्यावर आणि एका बडबडीवर गाडी चालवत होते आणि मी मध्ये बसून पेपर वाचत होते! कुणाचा जीव गेला असता तर? ऑपरेशन करता आलं असतं, औषध घालता आलं असतं, मला सांगायला काय धाड भरली होती? हे सगळं मी मोठ्याने बोलले. शहाळेवालासुद्धा ऐकत होता. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले.

‘‘तुला सांगितलं असतं, तर तू चावी घेतली असतीस,’’ ते म्हणाले.

घेतली असती. त्याच दिवशी.

आणि मग माझी नजर खिडकीतून पुढच्या मडगार्डवर गेली. दबलेल्या उजव्या मडगार्डवर. ही रिक्षा, ती बाई, हातगाडी, कुत्रा, आता खांब आला, आता वळण. आणि मी म्हणाले होते, आई, जरा गप्प बस ना. ती बसली गप्प. पाच मिनिटं. पाचच मिनिटं, आणि तो खांब आला. त्यानंतर मी बाबांना तोंडाला येईल ते बोलले, आणि तिने एका शब्दाने मला सांगितलं नाही की हे तुझ्यामुळे झालं. सांगितलं असतं तर चावी गेली असती. मला रडू आलं. बाबांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून दिला आणि म्हणाले, ‘‘त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हनाली, पोरगी थकलीय, तिला बोलू नका.’’

शहाळेवाल्याने दोन शहाळी फोडून खिडकीतून आत दिली. पैसे घेईना.

शहाळं संपवून बाबांनी किल्ली काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि दार उघडून उतरले. गाडीला हात लावत लावत, पुढून वळसा घालून ते माझ्या दाराशी आले.

‘‘सरक तिकडं.’’

‘‘मला ही चालवता येत नाही बाबा.’’

‘‘तुज्याच नेलपॉलिशचे ठिपके हायत. एक म्हंजे पुढं.’’

मी सरकले, ते माझ्या जागेवर बसले. आयुष्यभर या गाडीला शिव्या घातल्या, पण तिच्या स्टिअरिंगशी मी कधी बसले नव्हते. बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती म्हणजे डावीकडून खरंच काही दिसत नाही. इंजिन चालू केलं. बाबा पुन्हा उतरून वरवंटा घेऊन आले, पायाशी ठेवला. मी एका ठिपक्याचं बटण दाबलं आणि मुशी निघाली. गेटबाहेर रस्त्यावर उभी असते ती माझी छोटी गाडी मी रोज चालवते, पण हिचं वजनच वेगळं, वळवायची म्हटली तर आधी अर्ज करावा लागतो.

तिसऱ्या कोपऱ्यावर मी थांबले. बाबा मान पूर्ण उजवीकडे वळवून, चांगला डोळा त्या बाजूला आणून, बघत होते.

‘‘थांब. सायकलवाला हाय. थांब. जा.’’

मी पुढे वाकून स्वतः खात्री करून घेतली. त्यांनी ते बघितलं.

‘‘तू बघतेस तर बघ. पन मी सांगनार,’’ ते म्हणाले.

गेटशी अख्खी सोसायटी उभी होती. आमचा राउंड अर्धा तास चालला होता, आणि भंगारवाला आधीच बोलवावा की काय यावर चर्चा झाली होती म्हणे. मुशी आत आली तेव्हा पुन्हा टाळ्या. सेक्रेटरी ड्रायव्हरशी बोलायला धावत आले, ते उजवीकडे. तिथे बाबा. मग वळसा घालून डावीकडे.

‘‘मॅडम, तुमी चालवताय? काका नाय? आणि हे असं कसं झालं, तुमीच तर मला...’’

‘‘गाडी परत आली ना?’’ मी म्हणाले. ‘‘स्वतःच्या इंजिनवर?’’

‘‘आली, पण...’’

‘‘मग झालं तर. मिनिट्समध्ये लिहून टाका.’’

सोमवारी मी रजा टाकून बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होते. उजवा डोळा आता परत येणार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, पण डावा राखायचा होता. बाबा पुन्हा कधी चालवणार नाहीत, हे आम्ही दोघांनीही न बोलता ठरवलं होतं. मुशी जाणार नाही हेही. माझ्या पर्समधला स्पार्क प्लग काही सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या पार्किंगला थोडा चढ आहे. मी गाडी जागेवर घेतली, पर शेजाऱ्यांच्या हद्दीत गेले, इंजिन बंद केलं आणि सवयीने वरवंट्याकडे हात नेला. तो तिथे नव्हता. बाबांनी उचलला होता. दार उघडून ते उतरले, गाडीला धरत मागच्या चाकाशी गेले आणि खाली वाकले. आरशात मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. इस्त्रीचा शर्ट पँटमधून बाहेर आलेला. त्यांनी हाताने चाक चाचपलं, मग जमीन, मग पुन्हा चाक. वेळ लागत होता. वहिनी म्हणाल्या, काकांना कशाला, मी लावते. मी म्हणाले, राहू द्या. माझा पाय ब्रेकवर दुखायला लागला होता.

मग मागून आवाज आला. म्हातारा, पण खणखणीत.

‘‘लावलाऽ!’’

मी ब्रेकवरचा पाय काढला. गाडी हलली नाही.